दापोडीच्या गल्लीत बसलेली राणी

आमचा ज्ञानदेव गेला मार्च महिन्यात. झोपेतच गेला, कुणाला तोशीस दिली नाही. पुण्यानुमोदनाला बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गेलेल्या माणसाचा फोटो ठेवायचा असतो, तर ह्याचा फोटो शोधताना सगळ्यांच्या नाकीनऊ आले. दापोडीत घराघरांत ज्याच्या हातची चित्रं लटकलीत, त्याचं स्वतःचं एक नाही. शेवटी त्याच्या पोरीनं, मिनलनं, मोबाईलमधला एक काढून दिला. हातात ब्रश, कपाळाला रंग आणि तोंड उघडं, कारण तो कुणाला तरी "हलू नका" म्हणत होता. तोच ठेवला. माणसं बघून आधी हसली आणि मग रडली.

त्याची गोष्ट सांगायची तर राणीपासून सांगावी लागते. राणीच्या आधीचा ज्ञानदेव निराळा आणि नंतरचा निराळा.

आधीचा ज्ञानदेव चाकणला, गाड्यांच्या कंपनीत, पेंट शॉपला टचअपचं काम करायचा. गाडी रंगून बाहेर आली की लाईटखाली उभं राहून बघायचं, कुठं धुळीचा कण बसलाय, कुठं रंगाचा ओघळ आलाय. दिसला की घासायचा, पॉलिश मारायची. इथं कुणाचा हात लागला होता हे कुणाला कळता कामा नये. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

आणि सुट्टीच्या दिवशी घरी मयत माणसांची चित्रं काढायचा. गल्लीत कुणी गेलं की घरचे आधारकार्ड घेऊन त्याच्या दारात. आधारकार्डावर माणूस कसा दिसतो हे काय सांगायचं, जिवंतपणीच गेल्यासारखा दिसतो. त्यावरनं हा असा चेहरा काढून द्यायचा की लेकीसुना पदर तोंडाला लावायच्या. पण वेळ कमी मिळायचा, कार्यक्रम तोंडावर आलेला असायचा. म्हणून त्यानं एक सोय केलेली. अंगं आधीच रंगवून ठेवायचा. बायांसाठी पांढरी साडी, पुरुषांसाठी पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत सगळं तयार आणि तोंडाची जागा मोकळी. ती सगळी घरात भिंतीला टेकवलेली. त्याची बायको साधना वैतागायची, "अवो, पाहुणे विचारतात, ही बिनतोंडाची माणसं कोण तुमची?"

त्यात घरच्यांचं एकच मागणं असायचं. सुरकुत्या नको. आजी जरा तरुण दाखव. ज्ञानदेवला ते जमायचंच, गाडीवरचे डाग घालवण्यात हयात गेलेली. आजीच्या तोंडावरचे पण घालवून टाकायचा.

मग कंपनीत रोबो आले. रंग मारायला रोबो, तपासायला कॅमेरे. टचअपची माणसं इकडंतिकडं पांगवली. ज्ञानदेवला तयार गाड्यांच्या सीटवर प्लास्टिक चढवायला टाकला. पगार तोच, बस तीच, पण माणूस घरी यायचा आणि हात मांडीवर उलटे ठेवून बसायचा. त्याची आई तानुबाई जिभेची तिखट. ती म्हणायची, "काय रं, हात गहान ठिवलेस का कुठं?"

"आये, ह्या हातांचं काम संपलं आता."

"माझ्या भाकरीवर तर चांगलं चालत्यात की."

अशात ताथवड्याच्या बबनरावांचा फोन आला. ही जुनी शेतकरी मंडळी. शेतं गेली, कॉलेजं आली, इमारती उठल्या आणि राहिलेल्या जागेत बबनराव लग्नाचा हॉल बांधत होते. तानुबाईचं माहेर पण ताथवडंच. पोरवयात ती बबनरावांच्या वडलांच्या शेतात खुरपायला जायची, आणि लग्न झाल्यावरही नवरा पिंपरीत परमनंट होईपर्यंत जात राहिली. म्हणून ओळख. बबनरावांचे वडील वारले तेव्हा त्यांचं फेट्यातलं चित्र ज्ञानदेवनंच काढून दिलेलं.

ज्ञानदेव साईटवर गेला. बबनराव खुर्ची टाकून बसलेले, शेजारी सून तनुजा.

"ज्ञानदेवा, राणी काढायची."

"कुठली राणी, अण्णा?"

"इंग्लंडची. आमच्या तनुजाला इचार, ती जाऊन बघून आलीया."

तनुजानं मोबाईल पुढं केला. तिथल्या कुठल्या म्युझियममधलं जुनं चित्र. काळ्या अंधारातनं एक बाई बाहेर आलेली. फुगलेल्या बाह्या, मोत्यांच्या माळाच माळा, आणि गळ्याभोवती चुण्याचुण्यांची ही एवढी मोठी पांढरी चकती. तोंड त्या चकतीवर ताटात ठेवल्यासारखं. "काका, ही एलिझाबेथ."

"म्हणजे परवा वारली ती?"

"नाही काका, ही पहिली. चारशे वर्षं झाली हिला. एन्ट्रन्सला मोठी लावायची. आपली सगळी रॉयल थीम आहे."

"फ्लेक्सवाला म्हनतो उद्याच देतो," बबनराव म्हणले, "पन फ्लेक्स तर आमी वाढदिसाला बी लावतो रं. मला हातानं रंगवलेली पायजे. लोकांनी इचारलं पायजे, कुनी काढली."

ज्ञानदेवला 'हातानं' एवढंच ऐकू आलं. त्यानं एकच विचारलं, "अण्णा, खाली कोपऱ्यात माझं नाव टाकू का?"

"टाक की. एवढी मोठी राणी, कोपरा मोकळाच हाय."

आता हे नाव टाकणं तुम्हाआम्हाला काही नाही. पण त्याच्या हाताखालनं गेलेल्या गाड्या सगळ्या देशात फिरतात आणि एकीवरही त्याचं नाव नाही. मयताच्या चित्रावर तर कुणी पेंटरचं नाव टाकत नाही, बरं दिसत नाही ते. ताथवड्याच्या हॉलच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यासमोर आपल्या हातचं आणि आपल्या नावाचं एक काम असावं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मग माणूस झपाटला.

चित्र त्यानं गाडीसारखंच केलं. दुसरं येत कुठं होतं. प्लायला पुट्टी भरली, पाणी मारून घासली, प्रायमर मारला, परत घासली. घरात मावेना म्हणून गल्लीत ताडपत्री बांधली, धूळ बसू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचा. मोत्यांना पिंपरीच्या दुकानातनं गाडीचाच पर्ल व्हाईट आणला. ते मोती असे उठले की शेजारच्या रंगरावनं नख लावून बघितलं. "च्यायला, ज्ञानदेवा, हे खरे असते तर गल्ली विकत घेतली असती."

"नख काढ आधी. ओला हाये."

अंग पुरं झालं. बाह्या झाल्या, माळा झाल्या, ती चुण्यांची झालर झाली. तोंडाची जागा मोकळी. सवयच ती. आणि मग गाडी अडली.

तोंड काढायचा आणि पुसायचा. मोबाईलमधल्यासारखंच यायचं, पण बघून म्हणायचा, "बाहुली झाली." खरं म्हणजे त्याची एक रीत होती. मयताच्या घरी तो आधी विचारून घ्यायचा. म्हातारी रागावल्यावर काय करायची, चहा बशीत प्यायची का कपात, हसताना तोंडावर हात घ्यायची का. त्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. आता हिचं कुणाला विचारणार?

मिनल कॉलेजातनं आली, त्याच्याशेजारी बसली आणि मोबाईलवर वाचायला लागली. "पप्पा, असली चित्रं काढली त्या टायमाला ही साठीला आलेली होती. दात काळे पडलेले, केस टोपाचे, तोंडाला पांढरा लेप."

"साठीला? ही तर पंचविशीतली दिसतीये."

"तसंच काढावं लागायचं. एक पास केलेलं तोंड असायचं, पेंटर लोक तेच गिरवायचे. कपडे नवीन, तोंड तेच. म्हातारी दाखवली तर चित्र नष्ट करायला लावायचे, असं लिहिलंय."

ज्ञानदेव भिंतीला टेकवलेल्या त्याच्या पांढऱ्या साड्यांकडं बघत बसला. "म्हणजे आपलाच धंदा की गं," तो म्हणला. "त्यांच्याकडं तोंड तयार, माझ्याकडं अंग तयार." नंतर उठताना म्हणला, "डाग दिसला की घास. तिकडं पण हेच."

दुसऱ्या दिवशी कंपनीतनं येताना तो एक विचित्र वस्तू घेऊन आला. पेंट बूथला हवा गाळायला कागदाचा फिल्टर असतो, चुण्याचुण्यांचा, पांढरा. त्याचा कापून उरलेला तुकडा भंगारात चाललेला, तो सुपरवायझरला विचारून आणलेला. गोल वाकवला, टेप लावली, आणि थेट तानुबाईसमोर उभा राहिला.

"आये, हे गळ्यात घाल."

"काय केलंय मी? कशाची शिक्षा?"

"शिक्षा नाही. बस फक्त. मला बघायचंय ह्यात म्हातारीची मान कशी राहती."

"म्हातारी तुझी सासू."

पण रविवारी बसली. दुपारची वेळ, दारात खुर्ची टाकून तानुबाई बसलेली, अंगात नऊवारी, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि गळ्यात कंपनीचा फिल्टर. सगळी गल्ली गोळा झाली. रंगराव म्हणला, "काय मावशी, मोर झालीस का?"

"व्हय. पाऊस पडला की नाचते. तवर तू घरचं काम कर."

पोरं खिदळतायत, कुणी फोटो काढतंय, ज्ञानदेव म्हणतोय "हलू नको", आणि तानुबाई चुळबुळ करतेय. पायाशी मांजर आलं, तिनं बघायला मान वाकवली, तर झालर हनुवटीला अडली. परत वाकवली, परत अडली. मग तिनं हात खाली घातला, मांजराला चाचपलं, आणि सरळ समोर बघत म्हणली, "ज्ञानदेवा, ह्यात मान खाली घालताच येत न्हाई रं."

तो म्हणला, "मोठ्या लोकांचं असंच असतंय, आये."

"मग बरं हाय की." असं म्हणून ती आणखी ताठ झाली. उभा जन्म शेतात वाकलेली, नंतर दुसऱ्यांच्या मोरीत भांड्यांवर वाकलेली बाई. आता मान वर आणि नजर अशी, की रंगराव मागं सरला.

ज्ञानदेवला तोंड सापडलं.

त्यानं आईचं तोंड जसंच्या तसं नाही उतरवलं. नाक राणीचंच लांब, केस तांबूस, रंग गोरा. पण हनुवटीखालची सैल कातडी, डोळ्यांच्या कडेच्या रेषा, आणि ती बघण्याची तऱ्हा. एक सुरकुती त्यानं घासली नाही. खाली कोपऱ्यात लिहिलं, ज्ञानदेव, दापोडी.

मग बबनराव आणि तनुजा बघायला आले. गाडी गल्लीत शिरत नव्हती, चालत आले. ताडपत्री बाजूला केली. बबनराव मोती बघून खूश, बाह्या बघून खूश, नजर वर गेली आणि थांबली.

तनुजा हळूच म्हणली, "काका, मूळ चित्रात ती किती गुळगुळीत आहे. ही रागावल्यासारखी बघते."

बबनरावांनी एकदा चित्राकडं बघितलं, एकदा दारात तांदूळ निवडत बसलेल्या तानुबाईकडं. "ज्ञानदेवा, ही तर तुझी आई हाय की रं."

"राणीच हाये अण्णा. बघणं तेवढं आईचं घेतलं."

"तोंड बदल."

"अण्णा..."

"अरं, माझ्या हॉलच्या दारात माझ्याच बापाच्या शेतात खुरपनारी लावू व्हय? गाव हसंल मला."

तानुबाईनं वर बघितलं नाही. सुपातला खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणली, "हसू दे की बबन. गावाला आता दुसरं काम काय राह्यलंय, समद्यांनी जमिनी इकल्यात."

ज्ञानदेव आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणलेला माणूस नव्हे. सुपरवायझर म्हणला घास तर घासलं, म्हणला प्लास्टिक चढव तर चढवलं. घरात सगळ्यांना वाटलं आता हा ब्रश उचलणार. त्यानं हात खिशात घातला. "अण्णा, झगा म्हणाल तो बदलतो. मोती वाढवतो. तोंड राहील असंच."

"मग राहू दे तुझ्याकडंच," म्हणून बबनराव निघून गेले.

पुढचे दिवस वाईट गेले. राणी ताडपत्रीखाली उभी आणि हा तिच्याकडं पाठ करून बसलेला. साधना म्हणली, "एकदा पुसलं असतं तर काय झालं असतं?" तो म्हणला, "पुसायचंच काम केलं की एवढी वर्षं." फ्लेक्सवाल्याला ऑर्डर गेल्याची बातमी पण गल्लीत पोचली.

आणि एका सकाळी रिक्षातनं रंभाबाई उतरल्या. बबनरावांची बायको. गुडघे धरत, डोक्यावर पदर, हातात डबा. "तानुबाई इथंच ऱ्हाती का?" असं विचारत आल्या. तानुबाईनं चष्म्यातनं बघितलं आणि उठून उभी राहिली. "वैनी? तुमी आमच्याकडं?"

"बस गं. मला राणी बघायचीय. आमच्यात आठ दिस झालं तिच्यावरनं भांडन चाललंय आनि मी तिला बघितली बी न्हाई."

ज्ञानदेवनं ताडपत्री उचलली. रंभाबाईंनी बघितलं, आणि हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, साधनानं पाणी दिलं, त्या घटाघटा प्यायल्या. "अगं बया! तानू! अशीच बघायचीस गं माझ्या सासूकडं! ती बांधावरनं शिव्या द्यायला लागली की तू उभी ऱ्हायचीस, खुरपं हातात, आनि अशी बघायचीस. मी नवी नवरी, मला वाटायचं, मला एकदा तरी असं बघता यावं."

"आन् तुमी पाणी वाढायचा मला, हे एवढं वरनं," तानुबाई म्हणली.

रंभाबाईंचं हसू थांबलं. "व्हय," त्या म्हणल्या. "सासूनं शिकिवलं तसं करायची. अक्कल नव्हती." मग त्यांनी डबा पुढं केला. "पुरनपोळी हाय. तुला आवडायची. वरनं न्हाई टाकत, धर."

घरी जाऊन काय काय झालं हे तनुजानं नंतर मिनलला सांगितलं. रंभाबाईंनी जेवणच सोडलं म्हणे, म्हणजे घरात सोडलं, शेजारच्या जावेकडं जेवायच्या. बबनराव आले टेकीला, पण अर्धेच. दारात फ्लेक्सची गुळगुळीत राणी लागणार, आणि ज्ञानदेवची आत, नवरीच्या खोलीत, जिथं नवऱ्या तयार होतात.

ज्ञानदेवचं तोंड पडलं. "म्हणजे मागं लपवणार."

तानुबाई म्हणली, "लपवनार न्हाई येड्या. दारात कोन थांबतंय? गाडी लावली की माणूस पंगतीकडं पळतंय. खोलीत बाया घंटा घंटा बसत्यात."

त्यानं एकच अट घातली, कोपऱ्यातलं नाव झाकायचं नाही. बबनराव म्हणले, "कबूल."

राणी टेम्पोतनं ताथवड्याला गेली, आणि नंतर त्याला कळलं की आता आपल्यालाच ती बघता येणार नाही. लग्नसराईत नवरीच्या खोलीत पुरुष माणसाला कोण शिरू देणार? दोनदा बाहेरनंच हात जोडून परत आला. मग मिनलच्या मैत्रिणीचं, नेहाचं लग्न तिथं निघालं आणि मिनल आत गेली. नेहाची मावशी सारखी म्हणत होती, नवरीनं मान खाली ठेवावी, बरं दिसतं. आणि फोटो काढणारी पोरगी भिंतीकडं बोट दाखवून म्हणत होती, "ताई, मान वर, ह्या राणीसारखी." नेहानं एकदा राणीकडं बघितलं, एकदा मावशीकडं, आणि मान वर केली. तो फोटो मिनलनं घरी आणला. ज्ञानदेव चष्मा लावून बघत बसला, फोटो मोठा करून, नवरीचा नाही, मागच्या भिंतीचा. मग हळूच म्हणला, "लाईट बरोबर पडलाय."

पुढं नवऱ्या तसेच फोटो काढून घ्यायला लागल्या, आणि त्यातलं कोपऱ्यातलं नाव वाचून फोन यायला लागले. वाकडच्या एका इमारतीतनं पोराचा फोन आला, "काका, आमची आई आहे चांगली, फिरती. जिवंत माणसाचं काढता का?" ज्ञानदेव म्हणला, "आत्ताच शिकलोय." घरातली ती पांढरी बिनतोंडाची अंगं त्यानं घासून परत कोरी केली. कुणी मयताचं घेऊन आलं तर ते काढायचाच, पण म्हणायचा, "घरात अजून कुणी म्हातारं असंल तर त्यांना आधीच घेऊन या. मला बोलता येतं त्यांच्याशी." आठवडाभर प्लास्टिक चढवायचा आणि रविवारी दारात खुर्ची मांडायचा. हात मांडीवर उलटे ठेवून बसलेला पुन्हा कुणी बघितला नाही.

पावसाळ्यात मुहूर्त नव्हते, हॉल रिकामा पडलेला, तेव्हा रंभाबाईंनी बोलावणं धाडलं. ज्ञानदेव आणि तानुबाई रिक्षानं गेले. नवरीच्या खोलीत खिडक्या उघडलेल्या, राणी भिंतीवर. ज्ञानदेव जवळ गेला, मोत्यांवर उलटा हात फिरवला, कण बसलाय का बघितला. नव्हता.

तानुबाई सोफ्यावर टेकली आणि वर बघून म्हणली, "वैनी, तुमच्या छपराखाली मी पयल्यांदा आले ती भिंतीवरनं आले बघा. खाली बसायला आज मिळालं."

"बस की मग नीट. पाय वर घे."

बबनराव दारातनं डोकावले. "च्या झाला का गं?"

"टाका तुमीच. आमी बसलोय."

बबनराव खरंच गेले. रंभाबाई खुर्चीवर सरळ झाल्या, पदर सारखा केला, चष्मा काढला, परत लावला. "ज्ञानदेवा, माझं बी काढ. पन आत्ता, मी हाय तवर. आनि सुरकुत्या असू देत. लई वर्सं लागलीत त्यांना."

ज्ञानदेवनं पाठीवरची पिशवी उतरवली, फळी मांडीवर घेतली. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग विचारलं, "वहिनी, तुम्ही रागावल्यावर काय करता?"

"मी? मी कुठं रागावती."

तानुबाई म्हणली, "मी सांगते."

आणि ती सांगायला लागली, रंभाबाई मधेच "खोटं, खोटं" म्हणून हात करायला लागल्या, आणि ज्ञानदेवनं पहिली रेष ओढली.